पंचेचाळीसवरची पोर, तेहतीसवरची बाई

सापडली, वहिनी.

आपली रेकॉर्ड सापडली. दुसरी प्रत. दोन्ही बाजूंची लेबलं धड, त्यांवर रंगाचा एक शिंतोडासुद्धा नाही. खर्डीच्या पलीकडे एका घरात ती इतकी वर्षं भिंतीवर टांगलेली होती आणि घरातल्या कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. कशी सापडली ते सांगते, पण आधी मला जरा दम खाऊ दे. पन्नाशी उलटलेल्या बाईनं एवढी धावपळ करू नये असं तूच म्हणायचीस, आणि मग तूच स्कूटर चालू करून हॉर्न वाजवत बसायचीस.

तू मार्गशीर्षात गेलीस. आता संक्रांतीची हळदीकुंकवं चालू आहेत, म्हणजे आपला हंगाम. लोक मला म्हणतात, यंदा तरी घरात बस. बसले असते गं. पण आपल्या भांडणाचा निकाल लागायचा राहिला होता, आणि तो लागल्याशिवाय मला तुझी आठवणसुद्धा धड काढता येत नव्हती. आठवायला बसले की भांडायलाच लागायचे.

शहापूरच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई आणि किन्हवलीला ब्लाऊज शिवणारी तिची वहिनी जुन्या रेकॉर्डी गोळा करत हिंडतात, याचं लोकांना शेवटपर्यंत नवल वाटलं. त्यातून आपल्याला सिनेमाची गाणी नकोत. ती मुंबईचे शौकीन येऊन घेऊन जातात. आपल्याला हवं ते कुणालाच नको असलेलं. कुठल्याशा छोट्या कंपनीनं एकदाच काढलेली, कधी न खपलेली मराठी पॉप गाणी. कुणा कारकुनानं हौसेनं गायलेला ट्विस्ट, कॉलेजातल्या चार मुलांनी गिटारी घेऊन केलेलं भोंडल्याच्या चालीचं काहीतरी, तो आंब्याच्या डाळीवरचा चाचाचा. आठवतो ना? तो ऐकून दादा घराबाहेर जाऊन बसला होता.

आणि आपली पद्धत काय नामी होती. रेकॉर्डी गोळा करणारे पुरुष येतात, ओटीवर बसतात, घरातला बाप्या नाही म्हणतो, की निघाले परत. आपण हळदीकुंकवाला जाणार, म्हणजे थेट स्वयंपाकघरात. तू आधी लोणच्याची तारीफ करायचीस, मग पाणी मागायचीस, आणि पाणी पिताना मान वर करून माळा बघून घ्यायचीस. सरळगावला एका घरात रेकॉर्ड गरम पाण्यात वाकवून फळांची परडी केली होती. तू ती हातात घेतलीस, डोळ्यांत पाणी आणलंस आणि त्याच दमात विचारलंस, याची जोडीदारीण आहे का घरात? होती. धसईच्या वाटेवर एका शेतात चिमण्या उडवायला भातावर रेकॉर्डी टांगलेल्या दिसल्या तेव्हा तू स्कूटर तशीच रस्त्यात सोडून बांधावरून धावलीस. तुझी एक चप्पल चिखलात राहिली. त्यांतली एक घरी आणून धुऊन लावली तर डुलत डुलत का होईना, वाजली. एक बाई उंच आवाजात पत्रिका जुळली नाही म्हणून खूश होऊन गात होती. आपण दोघी हसून हसून तुझ्या शिलाई मशीनच्या पायाशी बसलो होतो. तेवढं निखळ हसू मला दुसऱ्या कुणाबरोबर आलेलं नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज आहे असं वाटलंच नाही.

आता आपलं भांडण. ते मी हल्ली ज्याला त्याला सांगत सुटले आहे, तर इथेही लिहून ठेवते.

धसईला तुझ्या बांचा लाऊडस्पीकरचा धंदा. लग्नाला, हळदीला कर्णे झाडावर बांधायचे, बॅटरी जोडायची आणि पेटीतल्या रेकॉर्डी लावायच्या. एका मांडवात नवरीकडचा एक आणि नवऱ्याकडचा एक असे दोन स्पीकरवाले आले की रेकॉर्डींची अदलाबदल ठरलेली. म्हणून सगळेच आपापल्या रेकॉर्डीवर ऑइलपेंटनं नाव घालायचे. बाकीचे कडेला एवढंसं नाव घालत. तुझे बा आधी अख्खं लेबल पांढरं रंगवून घेत आणि त्यावर लाल अक्षरांत आपलं नाव आणि गाव झोकात लिहीत. परिणाम असा की त्यांच्या पेटीतली एकही रेकॉर्ड कधी चोरीला गेली नाही, आणि कुठल्या रेकॉर्डीवर कोण गातंय ते कधी कुणाला कळलं नाही.

ती पेटी आणि रेकॉर्डी वाजवायचं ते मशीन तुझ्याबरोबर आमच्या घरी आलं. बाकीची गाणी कुणाची ते आपण दुसरीकडे प्रती बघून एकेक करून शोधून काढलं. एक तेवढी राहिली. छोटी रेकॉर्ड, एका बाजूला 'मला सायकल शिकव' असं मागणारं गाणं, दुसऱ्या बाजूला नुसतं अकॉर्डियन.

पांढऱ्या रंगाखाली गाणारीचं नाव तर झाकलं गेलंच, पण स्पीडही झाकला गेला होता. छोटी रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या स्पीडची असते तशी तेहतीसचीही असते, आणि कुठल्या स्पीडवर फिरवायची ते लेबलावरच छापलेलं असतं. तुझ्या मशीनचा स्पीडचा खटका कायम पंचेचाळीसवर. तिथे ती लावली की एक धीट आवाजाची पोर मागे लागायची, मला सायकल शिकव, मला सायकल शिकव, आणि मागून बोंगो उड्या मारायचे. धसईच्या हळदींत तुझे बा हमखास हे गाणं लावत आणि बायका अंगणात नाचत. तू चिमुरडी होतीस तेव्हा कर्ण्याखाली उभी राहून नाचलेली होतीस.

मग एका रविवारी मी तुझ्याकडे मशीनवरची धूळ पुसत होते आणि खटक्याला धक्का लागून तो तेहतीसवर गेला. गाणं चालूच होतं. शब्द तेच, पण गाणारी बदलली. खोल, जरा बसलेला आवाज. अकॉर्डियन संथ झालं, बोंगो पाय ओढत चालू लागले. चाळिशी ओलांडलेली एक बाई कुणाला तरी, नवऱ्याला म्हण, भावाला म्हण, सांगत होती की मला सायकल शिकव. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मी म्हटलं, वहिनी, हे गाणं आपण चुकीचं ऐकत होतो. ही पोर नाहीच.

तू शिलाईवरून मान वर केली नाहीस. "सुमे, खटका जागेवर ने. बाई रडते ती."

तिथून जे सुरू झालं ते तू जाईपर्यंत संपलं नाही. माझं म्हणणं, मूळ गाणं संथच आहे. हळदीला संथ गाण्यावर कोण नाचणार, म्हणून तुझ्या बांनी ते पळवलं असणार. हे ऐकून तू कात्री खाली ठेवलीस. "माझा बा चुकला बोलतेस?" एवढंच म्हणालीस, आणि पुढच्या रविवारी फोन उचलला नाहीस. त्याच्या पुढच्या रविवारी स्वतःच स्कूटरवरून शहापूरला आलीस, धसईचे वाल घेऊन. वाल सोलता सोलता पुन्हा तोच वाद. तेव्हा तू जे बोललीस ते मी अजून विसरलेले नाही.

"मोठी बाई असं मागंल काय गो? आपण मागतो काय कधी काय? पोरंच मागतात."

मी म्हटलं, म्हणूनच तर ते गाणं एवढं लागतं.

"लागतंय तर हळद लाव," म्हणालीस, आणि वाल पुढे सरकवलेस.

टर्पेंटाइनचा एक बोळा फिरवला असता तर निकाल तिथल्या तिथे लागला असता. मी बाटली आणलीसुद्धा होती. तू ती माझ्या हातातून काढून घेऊन देवळीत ठेवलीस. म्हणालीस, बाच्या हातचं तेवढंच उरलंय, ते पुसून खालून कुणा परक्या बाईचं नाव काढायचं काय? मुंबईच्या एका जाणकाराला फोनवर दोन्ही स्पीडचं गाणं ऐकवलं. तो म्हणाला, लेबलाजवळ कोरलेला नंबर वाचा, त्यावरून कळेल. नंबरावरही तुझ्या बांचा रंग. तू मनापासून खूश झालीस. मला तेव्हा वाटायचं, ही निकालाला घाबरते. आता वाटतं, तुला भांडण संपवायचंच नव्हतं.

तर आपल्या घरात एकाच रेकॉर्डीवर दोघीजणी राहत होत्या. तुझी पोर आणि माझी बाई. मी आले की माझ्यासाठी एकदा तेहतीसवर लावायचीस, तोंड वाकडं करून ऐकायचीस, आणि सुई उचलल्याबरोबर खटका परत पंचेचाळीसवर. "बाचं मशीन, बाचा स्पीड." आणि मी स्कूटरवर मागे बसले की हमखास टोमणा. माझी ती बाई एवढं तोंड उघडून सायकल शिकायला निघाली आणि मी आपली मागेच बसणार. कितीदा म्हणालीस शिकवते म्हणून. मी म्हणायचे, या वयात कशाला, तू आहेस की.

गणपतीनंतर डॉक्टरांनी तुझी स्कूटर बंद केली. हृदयाला झेपणार नाही म्हणाले. तू मशीनही कमी केलंस, शिवायचं म्हणते मी, आणि दुपारची पडून राहायला लागलीस. मी रविवारी एस.टी.नं यायचे. शेवटच्या रविवारी आपण काय बोललो सांगू? शोभाच्या ब्लाऊजच्या बाहीबद्दल. ती आखूड झाली होती. जाताना मी दारातून म्हटलं, पुढल्या वेळी टर्पेंटाइन आणते. तू हात हलवून मला घालवलंस. त्या हाताच्या हलण्यात काही वेगळं होतं का, हे मी इतक्यांदा आठवून बघितलं, पण नव्हतं. तू मला माशीसारखं हाकललंस, नेहमीसारखं.

आणि आता ऐक.

आखूड बाहीवाली शोभा, माझ्याबरोबर शिकवते ती, तिच्या माहेरी हळदीकुंकवाला मला ओढून घेऊन गेली. खर्डी स्टेशनवरून रिक्षा, मग थोडं पायी. तिच्या भावाचं लग्न आहे, म्हणून घराला रंग काढत होते आणि भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी उतरवून ओटीवर उलट्या करून ठेवल्या होत्या. मी कुंकू लावून घेतलं, तीळगूळ घेतला, तुझ्यासारखी लोणच्याची तारीफ केली, माळा बघितला. माळ्यावर बियाणं. निघताना ओटीवर चपला घालायला वाकले आणि एका छोट्या तसबिरीची पाठ समोर आली. मागचा खाकी कागद फाटलेला, आणि त्या फटीतून काळी, गोल, चकाकती कड.

वहिनी, मी चपला तशाच टाकल्या. मी शोभाला म्हटलं, हा देव जरा उघडून बघू का? ती घाबरली, तिला वाटलं मला काही झालं. तिच्या आईनं स्वतः चाकू आणून कडेचे खिळे वाकवले. पुढे दत्ताचं चित्र, मागे पुठ्ठ्याच्या जागी रेकॉर्ड. कुणा चौकटवाल्यानं हाताला येईल ते आत घातलं आणि वरून कागद डकवला. धूळ नाही, ऊन नाही, ओरखडा नाही. दत्तानं इतकी वर्षं पाठीशी घालून ठेवलेली.

मी फक्त गाण्याचं नाव वाचलं. 'मला सायकल शिकव.' बाकीच्या लेबलावर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिले. शोभाची आई म्हणाली, "न्या बाई, देवाला काय, मी दुसरा पुठ्ठा लावीन." वाणात मिळालेल्या डब्याचं खोकं होतं, तेच फाडून मी त्यांना पुठ्ठा करून दिला. दत्त परत चौकटीत गेला आणि आपली रेकॉर्ड माझ्या पिशवीत, रुमालात गुंडाळून.

स्टेशनवर येईपर्यंत मी पिशवीत बघितलं नाही. शोभा बडबडत होती आणि मी मनातल्या मनात तुझ्याशी अटी ठरवत होते. मी जिंकले तर तू माझ्या बाईची माफी मागायची. तू जिंकलीस तर मी तुझ्या बांच्या फोटोला हार घालायचा. मग बाकावर बसून रुमाल सोडला.

गायिका, बेबी कुमुद.

बेबी, वहिनी. पोर. आणि खाली, अगदी स्वच्छ छापलेलं, पंचेचाळीस.

मी एवढ्या मोठ्यानं हसले की पलीकडच्या बाकावरचा माणूस उठून उभा राहिला. तुझा बा चुकला नव्हता. धसईच्या बायका बरोबर स्पीडवर नाचल्या होत्या, आणि तूही. मला इतका आनंद झाला होता की हरल्याचं वाईट वाटायला जरा वेळ लागला. वाईट वाटलं ते हरल्याचं नव्हतंच. माझी बाई गेली. जिच्यासाठी मी एवढी वर्षं हळवी होत होते ती जन्मालाच आली नव्हती, एका पोरीला हळू फिरवलं की ऐकू येणारी ती. तू गेल्यावर महिनाभरात दुसरी. शोभानं विचारलं, हसताय का रडताय? मी म्हटलं, मलाही नक्की कळत नाही.

तिथून घरी न जाता मी सरळ किन्हवलीची गाडी धरली. दुपार होती. दादा ओटीवर तांदूळ निवडत बसला होता. तो आता सगळं करतो, तुझ्या धाकानं कधी शिकला नव्हता ते. मी त्याला लेबल दाखवलं, बेबी कुमुद दाखवलं, पंचेचाळीस दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे बायको बरोबर होती." मी म्हटलं, हो, लाव आता, तिला ऐकवू. तुझ्या फोटोकडे बघूनच म्हटलं. मग वाट न बघता मीच आत गेले.

मशीनवर तू विणलेलं झाकण तसंच होतं. काढलं. खाली तुझ्या बांच्या रंगाची रेकॉर्ड तशीच लागलेली. ती हळूच उचलली, नवी ठेवली, सुई टेकवली, आणि पोरीची वाट बघत उभी राहिले.

बाई आली.

तीच. खोल, बसलेला आवाज, पाय ओढणारे बोंगो. क्षणभर मला वाटलं लेबल खोटं आहे. मग खटक्याकडे बघितलं. तेहतीसवर होता.

तू तो तसा कधीच सोडला नसतास. मी दादाला हाक मारली, म्हटलं मशीनला कुणी हात लावला? तो सूप घेऊन दारात आला आणि गाणं ऐकून तिथेच थांबला.

"कोणी नाय. ती गणपतीपास्नं दुपारची तेच लावायची. बोलायची, सुमीच्या बाईला जरा बसू दे माझ्याजवळ, बरं वाटतंय तिच्यापाशी." मग जरा घुटमळला. "तुला सांगू नको बोललेली. डोक्यावर बसंल बोलली."

मी खाली बसले, तुझ्या जागेवर. तुला खात्री होती की ती पोर आहे, बांवर तुझा विश्वास होता, आणि तरी त्या दुपारी, स्कूटर बंद झाल्यावर, तू रोज त्या मोठ्या बाईला बोलावून बसवत होतीस. काय बोलत होतात दोघी? मला एकदा हाक मारायचीस गं. मी डोक्यावर बसले असते, खूप दिवस बसले असते, पण त्याआधी तुझ्याजवळ बसले असते. तुला शेवटी एकटं वाटलं असेल या विचारानं मी हे सगळे दिवस झुरत होते. माझीच बाई तुझ्या सोबतीला होती हे मला आज कळलं. तिला जन्म नव्हता, पण कामाला आली.

गाणं संपलं. सुई आतल्या रेघेत खरखरत राहिली, ती मी उचलली. खटक्याला हात लावला नाही. उद्या लावीन, तुझी पोर ऐकायची आहेच, बांना हारही घालायचा आहे. शब्द मोडणारी मी नाही.

दादानं सूप खाली ठेवलं. अंगणात तुझी स्कूटर जुन्या चादरीखाली उभी होती. तो तिकडे बघत म्हणाला, कोण चालवणार आता, देऊन टाकू कुणालातरी. मी डोळे पुसले, घसा खाकरला. खाकरूनही तो साफ झाला नाही.

"दादा," म्हटलं, "मला स्कूटर शिकव."

आवाज, वहिनी, अगदी तेहतीसवरचा लागला.